पठारावरचा अर्णव

मराठवाड्याच्या निसर्गाचा विषय निघाला की बोलणे पावसाच्या तुटीपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. कोकणाजवळ समुद्र आहे, साताऱ्याजवळ सह्याद्रीचे कडे आहेत, विदर्भाजवळ अरण्ये आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र काळी जमीन, बोडके माळ आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या आल्या, असा समज रूढ आहे. पावसाळ्यात पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्यापाशी किंवा माहूरच्या गडावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांनी हा समज काहीसा हलवला आहे. धुक्यातले शिखर किंवा नदीच्या पात्रावर उतरलेला संध्याकाळचा उजेड टिपताना मनाला जे निवांतपण लाभते, त्याला सौंदर्याचा आनंद म्हणावे, कविता म्हणावे की भक्ती, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. याच डोंगरांत आणि याच नद्यांच्या काठी साडेचारशे वर्षांपूर्वी एका कवीने त्या प्रश्नाच्या शोधात आयुष्य वेचले. त्या कवीचे नाव दासोपंत.

मराठी साहित्याच्या इतिहासात दासोपंतांचे नाव एकनाथांच्या बरोबरीने घेतले जाते. एकनाथ, दासोपंत, रामाजनार्दन, जनीजनार्दन आणि विठा रेणुकानंदन या समकालीनांना मिळून नाथपंचक म्हणण्याची प्रथा आहे. त्यांतल्या एकनाथांचे साहित्य घरोघरी पोचले. दासोपंतांचे नाव अंबाजोगाई परिसरात आणि दत्तसंप्रदायात आदराने घेतले जात असले, तरी त्यांचे ग्रंथ वाचणारे थोडेच. त्याला कारण आहे त्यांच्या लेखनाचा अवाढव्य पसारा. तो पसारा का निर्माण झाला, हे समजून घ्यायचे तर ज्या प्रदेशातून ते चालत गेले, त्या प्रदेशाकडेही पाहावे लागते.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ. स. १५५१ मध्ये, भाद्रपद वद्य अष्टमीला बीदरच्या राज्यातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत परगण्याचे देशपांडे, आई पार्वतीबाई. बहामनी सत्ता मोडल्यानंतर बीदरला बरीदशाही आली होती आणि दासोपंतांच्या जन्माच्या वेळी अली बरीद गादीवर होता. देशपांड्यांचे काम महसुलाच्या हिशेबाचे. रयतेकडून येणारे धान्य आणि पैसा दरबारापर्यंत नीट पोचतो की नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर असे. घर सुखवस्तू होते, मानमरातब होता. पण हे सारे सुख शेवटी आभाळावर अवलंबून होते.

दासोपंतांच्या चरित्रातली पहिली मोठी घटना दुष्काळाचीच आहे. परंपरेने ती दोन तऱ्हांनी सांगितली आहे. एका कथेप्रमाणे पाऊस न झाल्यामुळे सारा वसूल होऊ शकला नाही. दुसरीप्रमाणे दिगंबरपंतांनी सरकारी कोठारातले धान्य भुकेल्या रयतेला वाटून टाकले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राला परिचित आहे, तिचाच हा जणू दुसरा अध्याय. तोच बीदरचा दरबार, तोच दुष्काळ आणि तेच रिकामे झालेले कोठार. दासोपंतांच्या कथेत मात्र शिक्षा पित्याऐवजी पुत्राच्या वाट्याला येते. थकलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली गेली नाही तर ऐन तारुण्यातल्या या मुलाचे धर्मांतर केले जाईल, या अटीवर दासोपंतांना दरबारात ओलीस ठेवून घेण्यात आले.

मुदत संपत आली. घरातून पैशाची सोय होण्याचे चिन्ह नव्हते. चरित्रकथा सांगते की अगदी अखेरच्या दिवशी दत्ताजी पाडेवार असे नाव सांगणारा एक साधा चाकरमाणूस दरबारात आला, त्याने सारी रक्कम मोजली, पावती घेतली आणि तो निघून गेला. दासोपंत सुटून घरी आले तेव्हा लक्षात आले की या नावाचा माणूस घरातल्या कोणीच पाठवलेला नव्हता. प्रत्यक्ष दत्तात्रेयच पाडेवाराच्या रूपाने येऊन गेले, अशी दासोपंतांची श्रद्धा बसली. चमत्कार बाजूला ठेवून पाहिले तरी कथेचे मर्म उरतेच. आपला जीव ज्याने वाचवला त्याला पाहता आले नाही, ही रुखरुख त्या तरुणाच्या मनातून गेली नाही. घरात वतन होते, लग्न झालेले होते, पुढे देशपांडेपणाची गादी वाट पाहत होती. हे सारे मागे टाकून दासोपंत एके दिवशी कोणालाही न सांगता घराबाहेर पडले.

त्यांच्या प्रवासाची वाट चरित्रपरंपरेने जपली आहे. डाकुळगीवरून ते नांदेडला आले आणि तिथून मातापूरला, म्हणजे माहूरला गेले. बीदर आणि नांदेड यांच्या मध्ये आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर-देवणीचे पठार पसरले आहे. लाव्हारसाच्या थरांनी बनलेला हा प्रदेश उन्हाळ्यात करडा आणि रखरखीत दिसतो. दूरवर एखादे बाभळीचे झाड, एखादी गढी आणि वर सगळीकडे आभाळ. पायी चालणाऱ्याला इथे आडोसा थोडा आणि क्षितिज फार मोठे. नांदेडला पोचल्यावर गोदावरीचे विस्तीर्ण पात्र समोर येते. पुढे शतकभराने, १७०८ मध्ये, याच गोदाकाठी गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि नांदेडचे नाव सर्व देशाला ठाऊक झाले. दासोपंतांच्या काळातही गोदावरीचे तीर्थ म्हणून या नगराला महत्त्व होतेच.

नांदेडहून उत्तरेला किनवट-माहूरच्या बाजूला गेले की मराठवाड्याचे रूप पालटते. सपाट काळी रानं मागे पडतात, डोंगर जवळ येतात आणि साग, मोह, पळस यांचे जंगल सुरू होते. पैनगंगा डोंगरांना वळसा घालत वाहते. माहूरला रेणुकामातेचे स्थान आहे, महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांत त्याची गणना होते. जवळच दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर. दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहूरला येतात, असा भाविकांचा समज आहे. ज्याला दरबारात एकदा ओझरते पाहिले आणि ओळखले नाही, तो रात्री विसाव्याला येतो ते हे ठिकाण. दासोपंत इथे बारा वर्षे राहिले, असे परंपरा सांगते.

या बारा वर्षांत त्यांनी काय केले, याचे वर्णन चरित्रकारांनी तप या एका शब्दात केले आहे. या तपाचा आशय दत्तसंप्रदायाच्या एका जुन्या शिकवणीतून उलगडतो. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. त्यांत आश्रमातला एकही आचार्य नाही. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र आणि सूर्य हे त्याचे पहिले गुरू. पुढे समुद्र आहे, पतंग आहे, मधमाशी आहे, हरिण, मासा, कोळी आणि साप आहेत. पृथ्वी पायदळी तुडवली तरी क्षमा सोडत नाही. वारा फुलांवरून आणि चिखलावरून सारखाच वाहतो. अजगर एका जागी राहून जे मिळेल त्यावर समाधान मानतो. आणि बाण घडवणारा कारागीर आपल्या कामात इतका गढलेला असतो, की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळत नाही. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत भाष्य लिहिले आणि १५७३ मध्ये काशीला ते पूर्ण केले. म्हणजे दासोपंतांच्या तारुण्याच्या काळातच हा विचार नव्याने मराठीत येत होता.

निसर्गाकडे पाहण्याची ही एक शिस्त आहे. झाड सुंदर आहे एवढ्यावर ती थांबत नाही. झाडापाशी पुरेसा वेळ बसले तर ते काय शिकवते, असे विचारते. चांगल्या निसर्गछायाचित्रकाराला हे अनुभवाने ठाऊक असते. पहाटेचा उजेड शिखरावर हवा तसा पडेपर्यंत थांबावे लागते, कधी काहीच हाती न लागता परतावे लागते आणि समोरच्या दृश्यात स्वतःचा विसर पडावा लागतो. अजगराची तृप्ती आणि बाण घडवणाऱ्याची एकाग्रता या दोन्ही गोष्टी त्या कामाला लागतात. कॅमेऱ्याचा शोध लागायला अजून अडीच शतकांहून अधिक काळ जायचा होता. दासोपंतांपाशी होते ते फक्त पाहणे आणि वाट पाहणे.

मात्र या साधनेची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजत होते. नारायणपेठेला आईवडील आणि तरुण पत्नी यांना दासोपंतांचा ठावठिकाणा ठाऊक नव्हता. बारा वर्षे बेपत्ता असलेल्या माणसाला मृत धरण्याची रूढी होती. ती वेळ आली तेव्हा घरच्यांनी सुनेचे सौभाग्यालंकार उतरवण्याचा विधी करण्यासाठी गोदाकाठची वाट धरली. संतचरित्रे वैराग्याचे गोडवे गातात, तेव्हा अशा स्त्रियांची बारा वर्षे बहुधा एका वाक्यात आटोपतात. दासोपंतांच्या चरित्रात निदान त्या वाक्यावर कथा थबकते.

दासोपंत तोवर माहूर सोडून गोदाकाठच्या राक्षसभुवनला आले होते. बीड जिल्ह्याच्या गेवराई भागातील हे क्षेत्र. पुढे १७६३ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई इथेच झाली. इथली गोदावरी डोंगरातली नाही. पात्र रुंद, काठ उतरते आणि वाळू दूरवर पसरलेली. दर पुराबरोबर ही वाळू जागा बदलते, जुन्या खुणा पुसते आणि नव्या उघड्या करते. या वाळूत दासोपंतांना दत्ताच्या पादुका सापडल्या, अशी श्रद्धा आहे. माहूरच्या शिखरावर बारा वर्षे ज्याची वाट पाहिली, त्याच्या पाऊलखुणा हाती लागल्या त्या नदीच्या सर्वांत अस्थिर जागी. गोदाकाठीच त्यांची आणि विधीसाठी आलेल्या कुटुंबाची गाठ पडली. पतीला मृत समजून आलेल्या पत्नीला तो जिवंत भेटला. यानंतर दासोपंतांनी पुन्हा घरच्यांना सोडले नाही. सर्वांना घेऊन ते अंबाजोगाईला आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी गृहस्थ म्हणून तिथेच काढले.

लातूरपासून ५०-६० किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेली अंबाजोगाई म्हणजे योगेश्वरीचे गाव. जयंती नदी गावाजवळून वाहते. पुढे जमीन एकदम खाली उतरते, दरी उघडते आणि त्या दरीच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० मध्ये लिहिलेल्या विवेकसिंधूमुळे मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी मानणारी मोठी परंपरा आहे. दासोपंत इथे स्थिरावले तेव्हा या दरीला मराठी वेदान्तकवितेची जवळजवळ चारशे वर्षांची ओळख होती.

याच गावात त्यांनी जे लिहिले, त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे अवघड जाते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत. दासोपंतांनी भगवद्गीतेवर लिहिलेल्या गीतार्णवाची ओवीसंख्या सव्वा लाख सांगितली जाते, आणि त्यातल्या एकट्या अठराव्या अध्यायाची अठरा हजार. रोज २० ओव्या लिहिल्या तरी सव्वा लाखाला सतरा वर्षे लागतील. त्याशिवाय गीतार्थबोधचंद्रिका, ग्रंथराज, वाक्यवृत्ती, संस्कृत रचना आणि रागदारीत बांधलेल्या पदांचा पदार्णव. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका गावात रुजली, ती या पसाऱ्यामुळेच.

अर्णव म्हणजे समुद्र. दुष्काळामुळे ज्याचे तारुण्य ओलीस पडले, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या पठारावर ज्याचे आयुष्य गेले, त्या कवीने आपल्या दोन सर्वांत मोठ्या रचनांना समुद्राचे नाव दिले. अवधूताच्या चोवीस गुरूंत समुद्रही आहे. पावसाळ्यात नद्या भरभरून येऊन मिळाल्या तरी तो फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटल्या तरी सुकत नाही, एवढेच त्याच्याकडून शिकायचे. ज्या प्रदेशात नदी कधी भरते आणि कधी नुसती वाळू होते, तिथल्या माणसाला हा गुरू किती हवासा वाटत असेल, हे मराठवाड्यातल्या वाचकाला निराळे सांगावे लागत नाही.

तरीही दासोपंतांचे नाव सर्वांत अधिक जोडले गेले ते एका कापडाशी. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड कापडाच्या पासोडीवर त्यांनी पंचीकरण हा ग्रंथ लिहिला. साधारण सोळाशे ओव्या आणि त्यांच्या सोबतीला विषय स्पष्ट करणाऱ्या आकृत्या. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे साधे पांघरूण. कागदाच्या पानावर न मावणारा विषय त्यांनी या पांघरुणावर उलगडून ठेवला. वाचणाऱ्याने ग्रंथ उघडायचा नाही. त्याने ग्रंथासमोर उभे राहायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. चीनमध्ये वांग शिमेंग या तरुण चित्रकाराने १११३ मध्ये रेशमावर नद्या आणि पर्वतांचे जे प्रसिद्ध चित्र काढले, तेही योगायोगाने जवळजवळ एवढेच, सुमारे ३९ फूट लांब आहे. त्यात डोंगर आणि पाणी डोळ्यांना दिसतात. दासोपंतांच्या पासोडीत तेच डोंगर आणि पाणी तत्त्वरूपाने येतात.

कारण पंचीकरणाचा विषयच पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश हा आहे. वेदान्ताचा सिद्धान्त असा की जगात कोणतेच महाभूत निर्भेळ सापडत नाही. प्रत्येकात अर्धा भाग स्वतःचा असतो आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा असतो. दगडातही थोडे पाणी आहे, थोडे आकाश आहे. मग हेच पंचक मनुष्यदेहात कसे उतरते, याची मांडणी मराठी वेदान्तग्रंथ करतात. हाडे, मांस, त्वचा, नाड्या आणि केस ही पृथ्वी. रक्त, लाळ, घाम हे पाणी. भूक आणि तहान, झोप आणि आळस हे तेज. चालणे, वळणे, अंग पसरणे आणि आखडणे हा वारा. काम, क्रोध, शोक, मोह आणि भय हे आकाश. बाहेरचा डोंगर आणि आतले हाड एकाच द्रव्याचे आहे, हे एकदा पटले की निसर्ग पाहणारा आणि पाहिला जाणारा निसर्ग यांतली भिंत पातळ होते. उदगीरच्या पठारावरचे आभाळ, माहूरचा डोंगर आणि राक्षसभुवनची वाळू ज्याने पायांनी अनुभवली होती, त्याच्यासाठी हा सिद्धान्त पोथीतला राहिला नसावा, असे पासोडीसमोर वाटते. दत्तात्रेयाला दिगंबर म्हणतात. दिशा हेच ज्याचे वस्त्र, तो दिगंबर. त्या देवाच्या भक्ताने दिशांत भरून राहिलेली पाच तत्त्वे एका वस्त्रावर उतरवली.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला दासोपंतांनी अंबाजोगाईत देह ठेवला. रूढ नोंदींत हे वर्ष १६१५ असे येते. शकाच्या हिशेबाने तो माघ १६१६ च्या आरंभी पडतो. त्यांची समाधी अंबाजोगाईतच आहे. त्यांच्या वंशपरंपरेत थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशा दोन शाखा झाल्या आणि त्यांनी दत्तजयंतीचा उत्सव व पदगायन चालू ठेवले. हस्तलिखिते मात्र दीर्घकाळ बासनात राहिली. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे मोमिनाबाद झाले, तालुके आणि जिल्हे बदलले, तरी पोथ्या देवघरांतून हलल्या नाहीत. विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी दासोपंतांच्या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि न. शे. पोहनेरकर यांनी पासोडीची संहिता संपादून वाचकांपुढे आणली. गीतार्णवाचा विस्तार मात्र अजूनही सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरच आहे.

कापड हे टिकाऊ माध्यम नव्हे. दमट हवा, कसर, घड्यांवर पडणारे चिरे आणि फिकी होत जाणारी शाई यांच्याशी चारशे वर्षे झुंजत ही पासोडी अंबाजोगाईत राहिली. तिच्यावर लिहिलेल्या पाच महाभूतांचीही स्थिती फार वेगळी नाही. अंबाजोगाईच्या दक्षिणेकडून वाहणारी मांजरा पुढे लातूर जिल्ह्यातून बीदरकडे, म्हणजे दासोपंतांच्या मूळ मुलखाकडे जाते आणि नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. त्यांच्या आयुष्याचा सारा प्रवास या एका नदीजाळ्यात झाला. याच मांजरेवरचे धनेगावचे धरण आटले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. गोदेची वाळू उपसली जाते आणि माहूर-किनवटचे जंगल विरळ होते, तेव्हा डोंगर आणि नदी यांच्यापासून माणूस वेगळा नाही हा पासोडीवरचा सिद्धान्त केवळ अध्यात्माचा राहत नाही.

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या दिवसांत अंबाजोगाईच्या देवघरांत दासोपंतांची पदे गायली जातात. पावसाळा संपून गेलेला असतो, बालाघाटाच्या उतारावर गवत पिवळे पडू लागलेले असते आणि मुकुंदराजांच्या दरीत सकाळचा उजेड उशिरा उतरतो. कॅमेरा घेऊन त्या दरीत जाणाऱ्याने वाटेत देवघराशीही थोडे थांबावे. दरीत जे दिसणार आहे, त्याविषयी दासोपंतांनी तिथे ४० फूट कापडभर लिहून ठेवले आहे.